भिंतीवर नको, छताला

सर, माझ्या मैत्रिणीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गावाहून आलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी मी तारेने केलेल्या तिच्या चेहऱ्याला झेंडूचा हार घातला, त्या क्षणी माझं सगळं बदललं. ती तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभी होती, हातात श्रीखंडाचं पातेलं घेऊन, ठणठणीत जिवंत. काकांना कमी दिसतं. हॉलच्या भिंतीवर तारेचा चेहरा दिसला, दारावरून उरलेला हार हाताशी होता, त्यांनी आपलं माणुसकीने घातला, हात जोडले आणि विचारलं, "कोण गो ह्या? कधी गेला ह्या चेडू?" म्हणजे, ही पोरगी कधी वारली? तिची आई "देवा रे" म्हणून खालीच बसली. तिच्या बाबांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "तो काढ. आणि तूपण नीघ."

चूक माझीच. इंटिरियरच्या मासिकात पाहिलं होतं, पांढरी भिंत, त्यावर काळ्या तारेचा एकच चेहरा, खाली सोफा. वाटलं, परळच्या टॉवरमध्ये आता हेच शोभणार. आपल्याकडे भिंतीवर एकटा चेहरा लागतो तो कुणाचा, हे मला कळायला नको? आणि तुम्ही तर मला नववीतच सांगून ठेवलं होतं.

लालबागच्या तुमच्या खोलीतलं ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. ओट्यावर कुकर, शेजारी तुमची पक्कड, आणि खिडकीपाशी छताला टांगलेला बाईंचा, तुमच्या पत्नीचा, चेहरा. एका अखंड तारेचा. कुठे वेल्डिंग नाही, जोड नाही. कोळीवाड्यातल्या मित्राकडून आणलेल्या गळाच्या दोऱ्यावर तो लटकतोय, कुकरची वाफ लागली की हळूच वळतोय, आणि भिंतीवर त्याची सावली कधी हसतेय, कधी फुरंगटतेय. बाई म्हणायच्या, "बघ रे, खरी मी इकडे कांदे चिरतेय आणि हे तिकडे माझ्या सावलीकडे बघत बसलेत." तुम्ही एका जुन्या मासिकातलं पान काढून दाखवलंत. शंभर वर्षांपूर्वी युरोपातल्या काही जणांनी दगडमाती बाजूला ठेवली आणि तार वाकवून हवेतच चित्रं काढायला घेतली. लोक हसले, खेळणी म्हणाले, आणि पुढे तीच खेळणी आपल्या दिवाणखान्यात टांगू लागले. मी विचारलं, "सर, आपल्याकडे दिवाणखाना कुठाय?" तुम्ही म्हणालात, "नसू दे. मोरी आहे ना? वारा तिथेही येतो. फक्त भिंतीला ठोकू नकोस. ठोकलास की त्याचा फोटो होतो."

त्याच दिवशी तुम्ही मला झापलंही होतंत. माझ्याकडून नाक जमेना, मी रागाने तार कापून फेकली. तुम्ही ती उचललीत, माझ्या हातात परत दिलीत. "कापायला अक्कल लागत नाही. चुकलं तर उलगड." मला ते इतकं लागलं की महिनाभर तुमच्याकडे फिरकलो नाही. त्याच महिन्यात तुम्ही गेलात. मी शेवटचं बघायलाही आलो नाही, चिडलेलाच होतो. कुणावर, ते मलाही सांगता आलं नसतं.

तो राग पुढेही पुरला. आर्ट कॉलेजात दुसऱ्या वर्षाला एक सर म्हणाले, "हे शिल्प नाही, शोपीस आहे." मी म्हणालो, "घरात राहतं म्हणून शोपीस, तर तुम्ही पण शोपीसच." बाहेर पडलो तो पडलोच. आई चार दिवस बोलली नाही. आता एका डेकोरेटरकडे काम करतो. लोकांच्या घरांसाठी दिवसभर चेहरे वाकवतो आणि खरं सांगू, मजेत आहे. कुणाच्या तरी चहाच्या वाफेवर माझी एखादी तार वळत असेल, एवढं मला पुरतं.

वास्तुशांतीच्या दिवशी मात्र मी हारासकट चेहरा उपटला आणि चौदा मजले जिन्याने उतरलो. लिफ्टसाठी थांबायचासुद्धा दम नव्हता. वाटलं, संपलं, आता ती काही भेटत नाही. तिसऱ्या दिवशी तिचा फोन.

"काय रे, मला जिवंतपणी हार घातलास ना?"

"मी नाही, काकांनी."

"काका बिचारे रोज फोन करून माझी तब्येत विचारतायत. ऐक. आई म्हणते, भिंतीवर नको."

"मग कुठे?"

"ते तू बघ. एवढा आर्टिस्ट ना? रविवारी सकाळी ये, बाबा घरी आहेत."

"बाबा घरी आहेत, आणि मी येऊ?"

"घरी आहेत म्हणूनच ये. ते म्हणाले, पळून गेला तो पळूनच जाणार. मी पैज लावलीय."

आज रविवार. जिन्यात चेपलेलं नाक सहा दिवस संध्याकाळी बसून उलगडलं, पुन्हा वळवलं. आता ते पहिल्यापेक्षा तिचं वाटतंय, थोडं उद्धट. गळाचा दोरा आणलाय. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी छताला हूक आहे, तिथे टांगणार. बाबांनी दार उघडलं तर आधी माफी मागणार आणि काही बोलले तरी थांबणार. पळणार नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, घडी करून पकडीच्या डब्यात ठेवतोय. एकच सांगायचं राहिलं. त्या दिवशी जिन्याखाली उभा राहून मी तार एकदा कापली होती, सर. डाव्या कानामागे. मग थांबलो. दोन्ही टोकं केसांच्या वळणात पिळून बसवली आहेत, कुणाला दिसत नाहीत. तुम्हाला दिसली असती. चेहरा टांगायच्या आधी आज तिला ती दाखवणार आहे.

नऊ वाजले. चेहरा हातात धरलाय, पिशवीत घातला तर पुन्हा चेपेल. निघतो. दार ओढून घेतो.