आजोबांच्या लाकडाची होडी

ता. ३ फेब्रुवारी

ती. काकास,
सा. न. वि. वि.

नमस्कार करायचा म्हणून केलाय, बाकी मी तुझ्यावर भयंकर चिडलोय. आजोबांनी एका होडीपुरतं लाकूड जमवलं होतं. ते गेल्यावर तुम्ही दोघा भावांनी ते पेरू कापल्यासारखं अर्धंअर्धं करून घेतलंत. आजी रुसून नदीपलीकडं आत्याकडं जाऊन बसली. त्याच लाकडाच्या एका होडीतून दोन्ही मुलं न्यायला आली तरच येईन म्हणते. ती नाही, तर मला बाबांच्या तावडीतून सोडवणार कोण? परवा त्यांचा रंधा तांदळाच्या डब्यात लपवला, तर कान उपटून हातात द्यायचे बाकी होते.

बाबा पुढच्या खोलीत अर्धी होडी बांधतायत. आईला स्वयंपाकघरातून वाकून बाहेर यावं लागतं. उरलेली अर्धी तू तुझ्या घरी बांध. सोबत पुठ्ठ्याचा साचा आहे. मधली फळी त्याच्याबरहुकूम काप, म्हणजे नदीवर बोल्ट ठोकून जोडता येईल. आणखी काही कळवू का विचारलं, तर बाबा म्हणाले, अक्कल असेल तर बाकीचं त्याला कळेल.

काकूस नमस्कार. राग आहेच, पण लोभ असू दे.

तुझा पुतण्या

ता. २० फेब्रुवारी

चि. माकडास,
अ. उ. आ.

साचा मिळाला. तुझ्या बापाला म्हणावं, मला होडी शिकवू नकोस. आजोबांच्या हाताखाली फळ्या मी धरल्यात, हा सावलीत घोरत पडायचा. माझं काम होत आलं. पलंग बाहेर काढला म्हणून तुझी काकू शेजारी झोपायला जाते आणि माझ्याशी अबोला धरलाय. धरू दे. होडी गळलीच तर त्याच्या बाजूनं गळेल, आत्ताच सांगून ठेवतो.

मार्चच्या पहिल्या रविवारी माझी अर्धी टेम्पोतून नदीवर घेऊन येतो. त्याच्याशी मी एक शब्द बोलणार नाही. तू मध्ये उभा राहा.

लोभ तुझ्यापुरताच. त्यातला बापाला वाटू नकोस.

तुझा काका

रविवार, नदीकाठ

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

टेम्पोवाल्याला पुलावरून लांबच्या रस्त्यानं पाठवतोय. त्याच्याच हाती उत्तर दे.

आजी, तुझे दोन्ही मुलगे ठार वेडे आहेत! दोघांनीही होडीचा पुढचाच भाग बांधलाय. बाबा म्हणतात, थोरला पुढं हे काय लिहून कळवायचं? काका म्हणतो, आजोबांच्या होडीत पुढं कायम मीच बसायचो. टोक कापून मागचा भाग करायला एकही तयार नाही. मग मीच दात-ओठ खात बोल्ट पिळले. होडी दोन्हीकडून टोकदार झालीय, पण गळत नाही. वल्ह्यांची एकच जोडी आहे, कुणीही मारावी, कुठल्याही टोकाकडं चालते. तरी मागं बसायला कुणी तयार नाही. आता दोघं पाठीला पाठ लावून फुगून बसलेत.

तुझी अट मोड की गं. मी जाम वैतागलोय.

तुझाच

रविवार, दुपार

चि. बाळास,
अ. आ.

आत्याच्या हातून लिहून घेतेय. अट मोडणार नाही. त्या दोन टोणग्यांना विचार, परत जाताना होडी वळवायची गरज आहे का? इकडं येताना जो मागं बसेल, जाताना तोच पुढं. आणि मी त्याच्याच टोकाशी बसणार. ऊन उतरायच्या आत आला नाहीत तर दार लावून घेईन.

माया आहेच, पण आज हात शिवशिवतायत.

आजी

रविवार, तिसरा प्रहर

आजीस,
नमस्कार-बिमस्कार तिकडं आल्यावर.

टेम्पोवाल्याला पुन्हा पिटाळतोय. तुझं पत्र मोठ्यानं वाचलं आणि आग आणखीच भडकली! काकानं बाबांचा दंड धरलाय. म्हणतो, दादा, तू थोरला, मान तुझा, तू पुढं बस. बाबा त्याला ढकलत ओरडतायत, तू धाकटा, लाडका, तूच बस पुढं. इतक्या दिवसांनी एकमेकांशी बोलतायत ते हे! वल्ही मी पळवलीत. आता मी मध्ये बसून मारत निघतो. ज्याला यायचंय तो पाण्यातून धावत येईल, आणि जो शेवटी चढेल त्याला मागची जागा.

दोघंही काठावरून हलत नाहीयेत.

आजी, दार लावू नकोस. मी दोर सोडतोय.