बरणी माझी, नाव तुमचं

प्रिय आक्का,

काल प्रियाचा साखरपुडा झाला, आणि आज सकाळपासून माझ्या पोटात नुसती आग पडलीय. तुम्ही म्हणाल, शालूनं दगदगीत काही खाल्लं नसेल. चांगली दोन वेळा जेवले. ही आग तुमच्यामुळं आहे. कुणाजवळ बोलायची सोय नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. गेलेल्या जावेवर जळणारी बाई अख्ख्या शिरूरमध्ये मी एकटीच असेन.

झालं काय, की काल पाहुण्यांनी बरणी माझी संपवली आणि वाहवा तुमची केली.

थांबा, नीट सांगते. तुम्ही नेहमी म्हणायचात ना, शालू शेवटापासून सुरू करती म्हणून.

आपल्या घरात बरणीतल्या वाईनला कधी कुणी वाईन म्हटलं नाही. सासूबाई मिशनच्या शाळेत वाढलेल्या, दारूचं नाव काढलं तरी कानावर हात ठेवायच्या. म्हणून काळ्या द्राक्षांची, वर्षभर मुरलेली ती लाल चीज आपल्याकडं कायम "शरबत". आणि त्याच सासूबाई नाताळच्या दुपारी, दौंडला तुमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, तुमच्या शरबताचे दोन पेले घेऊन गीतं म्हणायला लागायच्या. सगळी गीतं, सगळी कडवी. "मार्थाचं शरबत कसं गार पडतं छातीला," म्हणायच्या. गार कसलं, आक्का? काडी लावली असती तर पेटलं असतं ते.

माझं तुमच्या निम्मंसुद्धा चढायचं नाही. साखर बेताची, द्राक्षं हंगामाच्या पहिल्या तोडीची. मी आपला सरळ हिशेब केलेला, हलकं केलं की प्यायला सोपं जाईल, कडक केलं की घशाला लागेल. चुकलं का माझं? कुणालाही विचारा, असंच सांगेल. पण चर्चचे पाळकसाहेब माझा पेला ओठाला लावायचे आणि त्यांचा एक डोळा आपोआप बारीक व्हायचा. तुमचा पेला लावला की दोन्ही डोळे मिटायचे, प्रार्थनेला बसल्यासारखे. मी दरवर्षी समोर बसून त्यांचे डोळेच बघायचे.

वर तुमची ती रीत. "धाकटीचा मान आधी." म्हणजे आधी सगळ्यांना माझं शरबत, मग तुमचं. लोकांना वाटायचं, काय मोठं मन आहे मार्थाबाईंचं. मला विचारा. माझ्या शरबतानं तोंड आंबट करून सगळे तुमच्या बरणीकडं डोळे लावून बसायचे, आणि तुमचं आलं की माझं कुणाच्या ध्यानातही राहायचं नाही. एका वर्षी तरी तुमचं आधी द्यायचं होतं. एकाच वर्षी.

मग दौंडहून शिरूरला परत येताना गाडीवर यांचं सुरू. "वैनीच्या हाताची चवच न्यारी." न्हावरा फाटा येईपर्यंत तेच. मी मागं बसून यांच्या पाठीकडं बघत राहायची. माझ्या हाताचं जेवून ज्याची पाठ एवढी रुंद झाली, त्याला चव कुणाच्या हाताची, तर वैनीच्या.

मी तुम्हाला विचारलं नव्हतं असं नाही. सासूबाईंच्या देखत विचारलेलं, "आक्का, तुम्ही त्यात काय घालता?" तुम्ही म्हणालात, "तू घालतीस तेच. फक्त द्राक्षं पिकू देत जा बाई. घाई नको करत जाऊ." मला खरंच वाटलं, बाई लपवतीय. मिलिटरी कॅन्टीनची रम घालत असाल, असंसुद्धा मनात आलं. तुम्ही बाहेर वाळलेले कपडे काढायला गेलात तेव्हा मी फळीवरचे डबे हुंगून बघितले. एकात धने होते, एकात उडदाची डाळ.

आणि घाई का नको? तुमच्या आधी माझ्या बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधला गेला पाहिजे, एवढंच मला ठाऊक. फेब्रुवारीत वडगाव रासाईच्या बापूमामांच्या बागेत पहिली पेटी भरली, की त्यातली द्राक्षं माझ्या घरी. तुमच्या फोनच्या आधी माझा फोन. "आक्का, माझं झालं हं घालून." तुम्ही म्हणायचात, "बरं झालं. माझं अजून वेलीवरच हाय."

शरबताचं एक वेळ सोडून देते. प्रियाचं कसं सोडू?

कॉलेजला म्हणून तुमच्याकडं ठेवली आणि पोरगी तुमचीच होऊन गेली. मी आई, तुम्ही मोठी आई. नावातच तुम्ही वरचढ. पोरगा पसंत केलाय हे तिनं आधी तुम्हाला सांगितलं. मला कुणाकडून कळलं? तुमच्याकडून. "शालू, चिडू नगं, पोरगा चांगला हाय," असं तुम्ही फोनवर म्हणालात, तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. ते सगळं उतू गेलं तरी मी तिथंच उभी. तुम्ही तिला म्हणायचं होतं ना, की जा, आधी तुझ्या आईला सांग. का नाही म्हणालात?

त्यानंतर आलेल्या नाताळला तुम्ही सगळ्यांसमोर तुमची एक भरलेली बरणी माझ्या हातात दिलीत. तपकिरी झाकणाची, चिनी मातीची. "ही प्रियाच्या साखरपुड्याला उघड. तवर हात लावायचा न्हाई. माझ्या घरात ठेवली तर तुझे भावजी ठेवायचे न्हाईत." सगळे हसले. भावजीही हसले. मी पण हसले, आणि मनात म्हटलं, माझ्या लेकीच्या साखरपुड्यालासुद्धा शरबत यांचंच.

त्यानंतर दोन महिन्यांत तुम्ही दवाखान्यात.

ते दिवस मी लिहीत नाही. पुण्याला तुमच्या खाटेशी मी आणि भावजी आळीपाळीनं बसलो, तेवढं बास. द्राक्षांचा हंगाम आला कधी, निम्मा गेला कधी, मला पत्ता नाही. शेवटी शेवटी बापूमामांचा फोन आला. "शालू, यंदा फिरकली न्हाईस. चार घड राह्यलेत येलीवर, सुरकुतायला लागलेत. व्यापारी घेत न्हाई. नेतीस का टाकू गुरांना?" मी शिरूरला कपडे न्यायला आले होते, तशीच बागेत जाऊन त्या घडांची पाटी उचलून आणली. धुतली, कुस्करली, हाताला लागेल तेवढी साखर आणि यीस्ट घातलं, दादरा बांधला. ना तुम्हाला फोन, ना काही. फोन कुणाला करणार? दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

ती बरणी मी आठवेल तेव्हा ढवळली. पावसाळ्यात कधीतरी गाळली, परत भरली आणि तुमच्या बरणीशेजारी खाटेखाली सारली. यंदाच्या नाताळला कुणी शरबताचं नाव काढलं नाही.

आणि मग काल.

दोन्ही बरण्या खाटेखाली होत्या. मी तुमची मागं सरकवली आणि माझी पुढं ओढली. हो, मुद्दाम. पोरगी माझी, घर माझं, साखरपुडा माझ्या अंगणात. म्हटलं, सगळ्यांचं पिऊन झालं की मोठ्यानं सांगायचं, हे माझं होतं, आक्कांची बरणी लग्नाला उघडू. वाईट असलं तर असू दे, पण आधी नाही, नंतर नाही, एकटं माझं. चाखूनही बघितलं नाही, धीरच झाला नाही.

पण सांगायला तोंड उघडायच्या आतच हे उठून उभे राहिले. पेला वर धरला आणि म्हणाले, "मंडळी, ही आमच्या वैनीनं जाताना ठेवलेली बरणी. खास प्रियासाठी." झालं! प्रिया तोंडाला पदर लावून रडायला लागली. "मोठी आई" एवढंच म्हणाली. आता बोला, आक्का. रडणाऱ्या पोरीला त्या वेळी काय सांगू, की बाई, डोळे पूस, ही आईची आहे म्हणून?

मी उरलेले पेले वाटत राहिले. वाटलं, आत्ता सगळ्यांचे डोळे बारीक होतील आणि नाव तुमचं खराब होईल. त्यातही जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

एकाचाही डोळा बारीक झाला नाही. पाळकसाहेबांनी दोन्ही मिटले.

मुलाचे चुलते बारामतीकडच्या एका वायनरीत कामाला आहेत. ते पेला उजेडात धरून बघत होते. मला म्हणाले, "ताई, पंधरा टक्के अल्कोहोलच्या खाली न्हाई ही. पर घशाला कुठं लागत न्हाई. आमच्यात साहेब लोक ह्याच्यावरनं मीटिंगमधी भांडत्यात. एवढी स्ट्राँग रेड वाईन, आन् सहज पिता येती का न्हाई, म्हणून."

"मग येती का?" मी विचारलं.

"हा तिसरा पेला हाय माझा," ते म्हणाले. "द्राक्षं लई उशिरा तोडलेली असणार. कच्च्या द्राक्षाची वाईन हलकी असती, पर चावती. पिकून सुरकुतलं की ताकद वाढती आन् चावणं जातं. बाईंना ठावं होतं सगळं. त्यांच्या हाताला तोड न्हाई."

हे शेजारीच उभे होते. "मग! वैनीच्या हाताची चवच न्यारी," म्हणाले. माझंच शरबत, माझाच नवरा, माझ्याच तोंडावर. मला सांगा, मी काय करायला हवं होतं? जन्मात एकदा माझं शरबत तुमच्यासारखं उतरलं, तेही तुमच्याशी चढाओढ करायची राहून गेली म्हणून, आणि ते तुमच्या नावावर गेलं. मेल्यावरसुद्धा तुमचंच आधी आणि तुमचंच नंतर. स्वयंपाकघरात जाऊन मी उगाच स्वच्छ पातेलं घासत बसले.

तेवढ्यात भावजी आत आले. पांढरा शर्ट घातलेला, तुम्ही गेल्या वर्षी घेतलेला. इस्त्री नव्हती. रिकामा पेला मोरीत ठेवला आणि हळूच म्हणाले, "शालू, ही तिची न्हाई."

माझा हात थांबला. "कोण म्हणतं?"

"म्हणायला कशाला पायजे? घोट घेतला आन् कळलं."

"मग बाहेर बोलला का नाही, भावजी?"

"तू बोलली न्हाईस. मी कशाला बोलू?" त्यांनी मोरीतला पेला विसळून पालथा घातला. मग म्हणाले, "बरं झालं तिची न्हवती. ही झ्याक उतरली. दोन पेलं घेतलं मी. तिची असती तर आज पहिला घोट गिळवला नसता मला."

आणि चपला घालून अंगणात जाऊन पाहुण्यांत बसले.

आक्का, तिथं माझी जळायची जागाच बदलली. तुमच्या शरबतावर आता मी जळत नाही, ते मला जमलं. प्रियावरूनही कदाचित एखाद दिवशी जळायची थांबेन. पण त्या एका घोटाचं काय करू? बाहेर माझा माणूस माझ्या हाताचं पिऊन वैनीची चव सांगत होता. आत तुमचा माणूस एका घोटात सांगून गेला, ही तिची नाही. एवढ्या लोकांत त्याला एकट्याला कळलं. एवढं कुणी मला ओळखेल का हो? दोघींचे नवरे सख्खे भाऊ, एका आईचे. मग असं कसं?

आता कबूल करते ते ऐका. तुमची बरणी मी लग्नाला उघडणार नाही. उद्या सकाळच्या एसटीनं मांडीवर घेऊन दौंडला येते आणि भावजींच्या हातात देते. उघडायची, का तशीच ठेवून रोज झाकण पुसायचं, ते बघतील. प्रियाला सगळं मी सांगेन. ती चिडेल, मग हसेल, तुमच्याकडंच शिकलीय ती.

लग्न पुढच्या नाताळानंतर आहे, तेव्हा शरबत माझंच. बापूमामांना सांगून ठेवलंय, माझे घड सुरकुतल्याशिवाय तोडायचे नाहीत. पहिला पेला यांच्या हातात देणार, आणि ही कुणाची ते सांगणार नाही. ओळखलं तर ठीक. नाही ओळखलं, तर पुढच्या वर्षी परत घालीन, त्याच्या पुढच्या वर्षीही घालीन. तुम्ही म्हणायचात ना, घाई नको करत जाऊ. नाही करत. पण एक दिवस ह्या माणसानं घोट घ्यायचा, थांबायचं, आणि म्हणायचं, ही शालूची.

तुमच्यावर अजून जळणारी,
तुमची धाकटी,
शालू