बेलोऱ्याहून बारशाला

प्रिय प्रणू,

नितेश सुट्टी काढून अंकुरला बडनेऱ्याला घेऊन आलाय. पोरगं आता भिंत धरून चालतं आणि गाडीची शिट्टी ऐकली की थबकतं. रेल्वेवाल्याचा नातू शोभतो! तुझी आई त्याला रोज फोनमधला तुझा फोटो दाखवते आणि म्हणते, "हे पाय, तुई आत्या." तो फोनच चाटतो. लंडनची आत्या म्हणजे चाटायची वस्तू, अशी त्याची समजूत झालेली दिसते.

गेल्या जूनमध्ये मी त्याच्या बारशाला मुंबईला विमानानं गेलो, ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. विषय निघाला की तू लगेच दुसरंच काही काढायचीस. अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान पडून तेव्हा आठवडाही झाला नव्हता. टीव्ही लावला की तेच. तुझी आई सूनबाईच्या बाळंतपणासाठी आधीच मुंबईला गेली होती, घरी मी एकटा. अकोल्याहून जमुनाआत्याचा फोन आला, "दादा, गाडीनं जाय ना! जिंदगीभर रेल्वेची भाकर खाल्ली, अन् आता काहून उडाले चालला?" मी म्हटलं, नितेशनं तिकीट काढलंय, वाया जाईल.

आपल्या घराजवळच्या बेलोऱ्याच्या नव्या विमानतळावर एकेका प्रवाशामागे घरचं सगळं खटलं आलेलं, आणि मुलीला सासरी पाठवताना व्हावेत तसे सगळ्यांचे चेहरे. एक बाई मुलाच्या हातावर पुन्हा पुन्हा दही ठेवत होती. एकदा ठेवून तिचं समाधान होईना. मला सोडायला कुणीच नको, असं मीच बजावलं होतं.

सूनबाईच्या लाडवांसाठी पिशवीत खोबऱ्याच्या वाट्या घेतल्या होत्या. काउंटरवरच्या मुलीनं त्या बाहेर काढायला लावल्या. "काका, सुकं खोबरं सामानात चालत नाही. लवकर पेट घेते." त्या आठवड्यात तो शब्द! मागची अख्खी रांग गार पडली. पण बारशाचं खोबरं कचऱ्यात कसं टाकायचं? मी बाकावर बसून वाट्या फोडल्या आणि नातू झाला म्हणून एकेकाला तुकडा देत सुटलो. ओळख ना पाळख, पण कुणी नाही म्हटलं नाही. शेवटी त्या दहीवाल्या मुलाच्या शेजारी बसलेली एक म्हातारी म्हणाली, "खोबरं देता अन् गूळ घरीच ठेवला काय?" तेव्हा कुठे माणसं हसली.

विमान छोटं, पंख्याचं. उडताना शेजारच्या तरुणानं माझा हात धरला की मी त्याचा, सांगता येत नाही. खाली बडनेऱ्याचे रूळ दिसले. ज्यांच्यावर आयुष्यभर पायपीट केली, ते वरून सुतळीएवढे. भीती वाटली, प्रणू. फार वाटली. ढगात विमान थरथरलं तेव्हा देवाचं नावही आठवेना, तुझंच तेवढं ओठावर येत होतं.

मुंबईला उतरलो तर नितेश म्हणाला, ताईनं बारशाला यायचं विमानाचं तिकीट रद्द केलं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून आईनं फोन त्याच्या कानाशी धरला आणि नाव सांगताना तू रडलीस. दिवाळीलाही आली नाहीस. "बाबा, मले विमानात बसवतच नाही," म्हणालीस. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवून अंगणात जाऊन बसलो. तुझ्यावाचून घर फार मोठं वाटतं गं.

आज सांगतो. तिकिटाचं फक्त निमित्त होतं. गाडीनं मी बारशाला सहज पोचलो असतो. मोठा पाऊस झाला आणि रुळांचा भरवसा वाटेना, की आम्ही रूळ तपासणाऱ्या गँगमधली माणसं आधी त्यांवरून पायी चालून जायचो, मगच गाडी सोडली जायची. तू त्याच महिन्यात विमानानं येणार होतीस. तू बसण्याआधी आपण बसून बघावं, काही व्हायचंच असेल तर माझं होवो, एवढ्यासाठी मी गेलो होतो. जाऊन आलोय, पोरी. आता तू ये.

तुझाच,
बाबा