नैवेद्य मीच करणार, उकड कशीही होवो

सिरोंचा, जिल्हा चांदा
श्रावण वद्य द्वितीया, १९५४

तीर्थरूप इंदुताईस, तुझ्या धाकट्या आणि तुझ्या मते अजून न सुधारलेल्या भावाचा, गुणवंताचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मंचेरियलच्या वाटेनं नऊ दिवसांनी भिजून पोचलं. शाई फुटली होती, पण तुझं म्हणणं दुर्दैवाने स्वच्छ वाचता आलं. भाऊजींचा गुडघा, तुझा खोकला आणि तांबडीचं वासरू, तिघांची प्रकृती कळवावी. माझी उत्तम आहे. उजव्या तळहाताची कातडी तेवढी सोलली आहे, त्याचं कारण पुढे येईल.

तू लिहितेस की कमळा गेली, गेल्या साली घरात गणपती बसला नाही, तेव्हा यंदा देव्हारा आणि देव्हाऱ्यामागून मी, दोघांनी कायमचं नागभीडला यावं आणि इथली शाळा सोडावी. शिवाय, ‘ज्याले भाकर थापता येत नाई, तो देवाले काय खाऊ घालनार?’ (अक्षर भाऊजींचं आहे, आवाज तुझा आहे.) ताई, आता नीट ऐक. हे घर मी मोडणार नाही. बारा वर्षं कमळानं ते इथे मांडलं, तिच्या माघारी मी ते गाडीत भरणार नाही. गणपती इथेच बसेल आणि नैवेद्य मी माझ्या हातानं करीन. तुझ्या पुरणाशी तुलना नको म्हणून इथल्या तेलगू घरांत करतात तोच करीन. त्याला कुडुमुलु म्हणतात. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, तिच्यात हरभऱ्याची डाळ घालायची, गोळे वळायचे आणि वाफवायचे. सांगायला इतकंच आहे.

आपण धानाच्या मुलखातली माणसं. तांदळाचं पीठ आपल्याला कोणी शिकवावं ह्याचा मला अपमान वाटला, म्हणून शेजारच्या नरसम्माला मी काहीएक विचारलं नाही. (साठीची बाई आहे. तू भलते तर्क करू नकोस.) शाळेचा चपराशी पत्रू ह्यानं तांदूळ भिजवून, सावलीत वाळवून, कुटून दिला. मी चुलीवर आधण ठेवलं आणि आपली आई करायची तसा एका हातानं पीठ भुरभुरवत, दुसऱ्या हातानं घोटत उभा राहिलो. आंबील करायची हीच बरोबर रीत आहे, आणि म्हणूनच माझ्या उकडीची आंबील झाली. पत्रू तीन वाडगे प्याला आणि म्हणाला, ‘गुरुजी, लय साजरी झाली, पन वळान कशी?’ मी त्याला शाळेची घंटा पुसायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी आधणाच्या भानगडीत न पडता पीठ थंड पाण्यात मळलं. गोळे असे देखणे झाले की तुला दाखवावेसे वाटले. वाफेवर ठेवले. थोड्या वेळानं झाकण काढलं तर चाळणीत भेगाळलेली ढेकळं होती आणि खालच्या पाण्यात डाळ पोहत होती. मी ते सगळं खाल्लं. हार मानून टाकून देणं माझ्यानं झालं नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र पाण्याला उकळी आणली, मीठ आणि तेलाचा थेंब घातला, पीठ एकदम ओतलं, झाकण ठेवलं, आणि लगेच काढून पाहिलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पाहिलं. (वीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस वर्गाकडे पाठ करून बसू शकत नाही.) एकदा तर हात घालून पाहिला, तळहात सोलला तो तेव्हा. कुंपणापलीकडून नरसम्मा तीन दिवस ही मजा बघत होती. ती शेवटी आत आली, भांड्यावर झाकण ठेवून त्यावर वरवंटा ठेवला आणि म्हणाली, ‘पंतुलु, (म्हणजे गुरुजी) घडी घडी काऊन पाहता? वाफ निघून जाते ना. दम धरा.’ मग उंबऱ्यावर बसून सांगू लागली की कमळालाही पहिल्या साली उकड जमली नव्हती. ह्याच कुंपणाशी उभी राहून ती शिकली, तिचेही हात भाजले होते. ताई, मला हे ठाऊक नव्हतं. मी दर साली अकरा खायचो आणि मीठ कमी आहे म्हणायचो. मला माझी फार लाज वाटली.

नरसम्मा उठून गेली. मी भिंतीकडे तोंड करून बसलो, मग पाण्याचा हात लावून गरम उकड मळली. कानाच्या पाळीसारखी मऊ झाली. तेव्हा सांगतो, तुझंही माझ्या त्या तिसऱ्या दिवसासारखं चाललं आहे. दर पंधरवड्याला पत्र टाकून माझं झाकण उचलून बघतेस. थोडा दम धर, मी शिजतो आहे. मी येणार नाही, देव्हाराही येणार नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझा आज्ञाधारक (ही एक आज्ञा सोडून),
गुणवंत

ता. क. कमळाची काठवट तेराव्यानंतर तू नागभीडला नेलीस, ती परत पाहिजे. पितळी परातीत उकड फार लवकर निवते.

ता. क. दुसरा. एवढी मोठी काठवट टपालात घेत नाहीत असं पत्रू म्हणतो. म्हणजे कोणीतरी हातानं आणायला हवी. आलापल्लीपर्यंत मोटार आहे, पुढे पत्रू बैलगाडी घेऊन येईल. परक्या माणसाच्या हाती देऊ नकोस.

ता. क. तिसरा. चांगले असे सातच झाले. पत्रू त्याच्या गावी गेला होता, सगळे मीच खाल्ले. मीठ अगदी बरोबर पडलं होतं, पण तसं म्हणायला घरात कोणी नव्हतं. चतुर्थीच्या आधी ये.