धोतराच्या गाठीखालचा डाग

सोनई, ता. ९ फेब्रुवारी १९७१

तीर्थस्वरूप आसाराम दाजी यांचे सेवेशी,

गोरक्षनाथाचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे, पण ठीक नाही, म्हणून लिहीत नाही. आपण, मुक्ताअक्का आणि आपलं शेवगावचं दुकान खुशाल असाल असं धरून चालतो. (आपल्या दम्याची चौकशी मुद्दाम केलेली नाही. मी रागावलेलो आहे.)

गेल्या महिन्यात नगरच्या मोठ्या दवाखान्यात माझं ऑपरेशन झालं. कमरेच्या उजव्या बाजूचं तळहाताएवढं कातडं कापून काढलं आणि तिथं मांडीचं कातडं आणून बसवलं. तुम्हाला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर अक्का रडत आली असती आणि तुम्ही मलम घेऊन आला असता. त्या मलमाबद्दलच हे पत्र आहे.

दोन वर्षांपूर्वी धोतराची गाठ येते तिथली कातडी आधी काळी पडली, मग मधेच पांढरी झाली आणि चामड्यासारखी जाड झाली. खाज नाही, दुखणं नाही. चाळीस वर्षं मी धोतर असं आवळून बांधतो की विहिरीत पडलो तरी सुटू नये, त्यामुळं तिथं वळ असणारच असं मी मानलं. आमचा दाढी करणारा बन्सी म्हणाला, हा गजकर्ण. मी म्हटलं, गजकर्णाला खाज सुटते. तो म्हणाला, हा मुका गजकर्ण. (त्याचा वस्तरा तेव्हा माझ्या गळ्यावर होता, म्हणून वाद घातला नाही.) शेजाऱ्यांनी तर हळू आवाजात महारोगाचं नाव काढलं आणि आमच्याकडं पाणी प्यायचं सोडलं. आणि दसऱ्याला तुम्ही आलात. कंदिलाच्या उजेडात, चष्मा न लावता, माझी कंबर पाहून म्हणालात, "नायटाय. सात दिवसांत कातडं सोलून निघंल." दुकानातली पिवळी डबी खिशातून काढून दिलीत. दाजी, तुम्ही गूळ विकता, तेल विकता, त्यात कुणी नाव ठेवणार नाही. कातडीतलं तुम्हाला काय कळतं?

कातडं मात्र सातव्या दिवशी निघालं, एवढं कबूल करतो. मी खूश होऊन लंकाबाईला दाखवलं. ती खूश झाली नाही. निघालेल्या कातड्याखाली एक चीर होती, ती दिवाळीनंतरही भरेना. तिच्या कडा वर आल्या, हात लागला की रक्त यायचं. धोतरावर रोज मसुरीच्या डाळीएवढा डाग. लंकाबाई तीनदा म्हणाली, "नगरला दाखवा." मी तिन्ही वेळा सांगितलं की करदोड्याचा रंग जातोय. चौथ्या वेळी तिनं ते धोतर न धुता रस्त्याकडच्या दोरीवर, डाग बाहेरच्या बाजूला करून, वाळत घातलं.

दाजी, सोनईचा बाजार त्याच रस्त्यानं जातो. निम्म्या गावानं मला विचारलं की कुणी भोसकलं का. मी घरात येऊन ओरडलो. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "आठवड्याला एक लावीन. तुमी जावस्तवर." दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघालो, ते मुख्यतः अब्रू वाचवायला.

तिथली डॉक्टरीणबाई आमच्या धाकट्या लेकीच्या वयाची. मला म्हणाली, धोतर सोडा. परक्या बाईनं मला असं सांगावं, आणि लग्नाच्या बायकोनं, लंकाबाईनं, शेजारी उभं राहून मान डोलवावी. आधी तिनं कापूस फिरवला, टाचणी टोचली आणि विचारलं, कळतं का. कळतं म्हटल्यावर म्हणाली, महारोग नाही. मग जांघेत गाठी चाचपल्या. मग चिमटीएवढा तुकडा काढून पुण्याला पाठवला. पंधरा दिवसांनी कागद आला आणि तिनं कॅन्सर हा शब्द उच्चारला.

"दुखत नव्हतं हो," मी म्हणालो.

"दुखलं असतं तर दोन वर्षांपूर्वी आला असता," ती म्हणाली. "धोतर, लुगडं, परकराची नाडी, वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधलं की तिथली कातडी सारखी घासते, आणि कधी कधी हे होतं. काळी पडते, पांढरी पडते, तोपर्यंत सैल बांधलं तरी पुष्कळदा भागतं. पण महिना-दीड महिन्यात न भरणारी जखम, कडा वर आलेली, रक्त येणारी, ती दाखवायचीच. तुमची जांघेतल्या गाठींपर्यंत गेलेली नाही. कापलं की बहुतेक मोकळे व्हाल. आणि हे मलम कुणी दिलं?"

मी तुमचं नाव सांगितलं. पत्ताही सांगितला. तिनं डबी केराच्या बादलीत टाकली.

आता मी लेंगा घालतो, रुंद पट्ट्याचा, सैल. साठाव्या वर्षी. चालताना तो एका हातानं धरावा लागतो, त्यामुळं रस्त्यात कुणी राम राम केला तर मला अर्धाच नमस्कार करता येतो. दर तीन महिन्यांनी नगरला जाऊन कंबर दाखवायची आहे. लंकाबाई रोज जखम पुसते आणि एकदाही "मी सांगत नव्हते का" म्हणत नाही. त्याचा राग सगळ्यात जास्त येतो.

आपला मेहुणा,
गोरक्षनाथ

ता. क. पिवळ्या डब्या दुकानातून काढून टाका. जखमेवर लावायला तर कुणालाच देऊ नका.

ता. क. दुसरा. दाजी, हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, हात वळला नाही. काल जखम पुसताना लंकाबाई एकाएकी थांबली आणि रडायला लागली. भाऊबीजेला अक्का आमच्याकडं होती तेव्हा हिनं तिची पाठ चोळून दिली होती. लुगड्याच्या गाठीखाली, डाव्या बाजूला, असाच पांढरा डाग आहे आणि मधे चीर. कुणाला सांगू नको म्हणून अक्कानं शपथ घातली होती. तुम्हाला तर मुळीच नाही, कारण तुम्ही मलम लावाल.

सोमवारी पहिल्या गाडीनं तिला घेऊन नगरच्या स्टँडवर या. दुखत नाही म्हणेल, ऐकू नका. कापतील म्हणून घाबरेल, तर माझी कंबर दाखवतो म्हणावं. तरीही नाही म्हणाली तर एवढंच सांगा, की धाकटा भाऊ स्टँडवर उभा आहे आणि ती गाडीतून उतरेपर्यंत तो जेवणार नाही.