दहा बाय वीसची वेबसाईट

मु. पो. कोऱ्हाळे बुद्रुक, ता. बारामती

वरकुट्याचे मास्तर आणि आमचे एकुलते एक मेव्हणे सोमनाथराव यांना कोऱ्हाळ्याहून दाजी श्रीपतीचा कडक रामराम. हितं समदी खुशाल हायेत (एक सोडून, त्याचं नाव खाली सहीत सापडंल). तुमचा गुडघा कसा हाय? मी सांगितलेलं निरगुडीचं तेल चोळलं का? न्हाय चोळलं आसंल, मास्तर माणूस दुसऱ्याला गृहपाठ देतो, स्वतः करत न्हाय. म्हशीला रेडी झाली का रेडा ते कळवा. वहिनींना नमस्कार सांगा आणि मागच्या खेपंची शेंगदाण्याची चटणी संपली हेही सांगा.

आता तुमी म्हणाल, ह्या दिवसांत पत्र? दाजीला फोन करायला काय धाड भरली? तर फोन तुमच्या बहिणीकडं हाय. आज नववा दिवस. माझाच फोन, माझंच कार्ड, आणि मीच घरात असा फिरतोय जणू पाव्हणा आलोय. ते कसं झालं ते सांगतो. जरा लांबंल, पण मधी उठू नका.

तुमची बहीण वाकळा शिवती हे तुमाला सांगायला नको, तुमच्या दोन्ही बाजंवर तिच्याच वाकळा हायेत. जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे गोळा करायचे, थरावर थर टाकायचा आणि धावदोरा घालत बसायचं. कापड अंगावर वापरलेलंच पायजे हा तिचा नेम, कोऱ्या कापडाला ऊब नसती म्हणती. आळीतल्या चार बायका घेऊन दुपारभर पडवीत बसती. मी आजवर त्याला रिकामा उद्योग म्हणत आलो (हे वाक्य वहिनींना वाचून दाखवू नका). तर बारामतीला प्रदर्शनात बचत गटाच्या टेबलावर बंगळूरच्या एका दुकानवाल्या बाईनं तिची वाकळ हातात घेतली ती सोडंचना. म्हणाली, दिवाळीआधी चाळीस पायजेत, पण आमच्या मालकांना आधी वेबसाईट बघायची हाय, सोमवारच्या आत पाठवा. चाळीस वाकळा! पाच बायकांना दिवाळीपतुर मान वर करायला नको. येताना एस्टीत तुमची बहीण खिडकीशी बसून एकटीच हसत हुती. लग्नाला बावीस वर्षं झाली, तिला असं हसताना मी त्या दिशी पयल्यांदा बघितलं.

घरी आल्यावर म्हणाली, वाकळांचे चार फोटू, माझं नाव आणि फोन नंबर, एवढं टाकून द्या, बास. आता तुमीच सांगा, एवढ्याला वेबसाईट म्हणत्यात व्हय? फोटू आणि नंबर तर हरवलेल्या म्हशीच्या जाहिरातीत बी आसतो. मी म्हणलं, हे पुरुषाचं काम हाय, तू सुई बघ. (ती सुईच बघत हुती. पण कशी बघत हुती ते मला तवा कळायला पायजे हुतं.)

मी तडक विकीकडं गेलो. विकी म्हंजी आमच्या फाट्यावरचा फ्लेक्सवाला. वाढदिवस, निवड, दहावा, समदं त्याच्याकडंच छापून येतं. त्यानं नुकतीच पाटीवर ‘वेबसाईट बनवून मिळेल’ अशी एक ओळ वाढवली हुती. गेल्या गेल्या त्यानं टेप काढली आणि इचारलं, वेबसाईट किती फुटाची पायजे? मी बी काय कच्चा न्हाय. म्हणलं, दहा बाय वीस. त्यानं इचारलं, आडवी का उभी? म्हणलं, आडवीच कर, उभी वाऱ्यानं फाटती. त्यानं मान हालवली. दोन जाणकार माणसं बोलत असल्यावर काम कसं सरळ जातं बघा.

मग त्यानं खरा सवाल टाकला, शुभेच्छुक कोण कोण? आता शुभेच्छुकाबिगर फ्लेक्स म्हंजी वऱ्हाडाबिगर नवरदेव. मी आपली चार नावं दिली. पण गावात सकाळी शिंकलं तर दुपारी औषध घिऊन माणसं येत्यात. सोसायटीचे चेअरमन मोहनराव सवता आले, म्हणाले, श्रीपती, वेबसाईट काढतोयस आन आमाला कळवत न्हाईस? त्यांचा फोटू वर टाकला. त्यावर इरोधी पॅनेल रुसलं, म्हणून त्यांच्या पुढाऱ्याचा बी त्याच मापाचा टाकला. मोहनरावांनी विकीच्या दुकानात पट्टी लावून मोजला, तो अर्धं बोट मोठा निघाला! मग मोहनरावांचा वाढवला, की ह्यांचा वाढवा, की त्यांचा वाढवा. त्यांच्या खाली भावी सरपंच सात, भावी उपसरपंच चार, आणि एक गडी नुसताच ‘भावी’ (काय व्हायचंय ते अजून ठरलं न्हाय म्हणाला). समद्यांचे पांढरे शर्ट, समद्यांचे हात जोडलेले, निम्म्यांच्या डोळ्यांवर गॉगल. मधोमध मी. त्यासाठी मी खास पांढराशुभ्र शर्ट शिवून घेतला, खिशावर बारीक शिलाई, आणि खाली लिहून घेतलं, ‘संस्थापक-अध्यक्ष’. मला सोडून सत्तेचाळीस माणसं. कुणाला वगळलं आसतं तर पुढच्या पिढीनं बांध कोरला आसता.

ह्यात एक गडबड झाली ती आमच्या गेणबा चुलत्याची. म्हातारा चौऱ्याऐंशी वर्षांचा, दगडासारखा खणखणीत. त्याचा काळापांढरा जुना फोटू तेवढा मिळाला, तो विकीनं सवयीनं वरच्या ओळीत, फुलांच्या चौकटीत, ‘प्रेरणास्थान’ म्हणून बसवला. वेबसाईट गावभर मोबाईलवर फिरली, ती कन्हेरीला गेणबाच्या लेकीच्या सासरी बी गेली. दुसऱ्या दिशी टेंपो भरून कन्हेरीकर दारात उतरले आणि बायकांनी रडायला सुरवात केली. गेणबा ओट्यावर भाकरी खात हुता. त्यानं हात धुतले, कोण गेलं ते न इचारता त्यांच्यात जाऊन बसला आणि समद्यात मोठ्यानं रडला. लेकीनं त्याला वळखल्यावर जी बोंब मारली ती बारामतीपतुर गेली आसंल. अजून बी गेणबा मला इचारतोय, शेवटी गेलं तरी कोण?

असो. मोहनरावांच्या हस्ते उद्घाटन झालं. मोबाईलला फीत बांधली, ती कापताना रेंज गेली, मग समदे पाण्याच्या टाकीवर चढलो. तितनं मी बंगळूरच्या बाईला वेबसाईट पाठवली. रविवार हुता, म्हंजी एक दिवस राखून! मी दोन वेळा जेवलो त्या दिशी.

सोमवारी सकाळी बाईचा फोन आला. तुमची बहीण शेजारीच दोरा ओवत हुती, म्हणून मी ऐटीत फोनचा आवाज मोठा करून ठेवला. बाईनं हिंदीत इचारलं, ही समदी माणसं कोण, आणि रजई कुठाय? मी म्हणलं, ये सब शुभेच्छुक है. ती म्हणाली, माझे मालक म्हणत्यात ही कुठल्या तरी पार्टीची वेबसाईट हाय. मी म्हणलं, नंबर बी हाय की खाली. (हुता. मोहनरावांच्या जोडलेल्या हातांखाली गेला हुता.) मग ती अगदी सरळ आवाजात म्हणाली, ह्यात कौसल्याजी कुठल्या?

मी बघितलं. बोट लावून वरनं खाली बघितलं, परत खालनं वर. मोहनराव हुते, भावी हुते, जित्ता गेणबा मेलेल्यांत हुता. तुमची बहीण न्हवती. तिचा फोटू न्हवता, तिचं नाव बी न्हवतं, आणि वाकळ तर औषधाला न्हवती. विकीला इचारलं तर म्हणाला, वहिनींचा फोटू तुमी दिलाच न्हाय की. खरं बोलला मेला. सोमनाथराव, मला लाज वाटली. हसताय काय, खरंच वाटली. जिच्या हाताला सुईचे घट्टे पडलेत तिला सोडून मी साऱ्या गावाला जागा दिली.

ती ओरडली आसती तर बरं झालं आसतं. तिनं नुसता हात पुढं केला. मी फोन दिला. तिनं बाईकडनं आणखी दोन दिवस मागून घेतले, तेही तोडक्यामोडक्या हिंदीत, आणि बाईनं दिले. दुसऱ्या दिशी तुमची प्रगती एस्टीनं आत्याला भेटायला आली (तुमाला तेवढंच सांगितलं आसंल). दुपारच्या भाकरीला बसली, आणि चहा व्हायच्या आत वेबसाईट तयार! बुधवारी बंगळूरचा होकार आला. आता दिवसभर फोन वाजतोय, नाशकावरनं, हुबळीवरनं, आणि तुमची बहीण पडवीतनं म्हणती, व्हय, मी कौसल्या बोलती.

ती वेबसाईट मी शेजाऱ्याच्या फोनवर बघितली. काय हाय तीत? उन्हात बाजंवर टाकलेली एक वाकळ, सुई धरलेला तिचा हात, तिचं नाव, नंबर. बास. ती वाकळ मात्र भारी दिसती. रंगीत तुकड्यांत मधोमध एक पांढराशुभ्र चौकोन असा उठून दिसतोय की नजर हालत न्हाय. कुठलं कापड हाय कुणाला ठावं. मला इचारायची सोय न्हाय, कारण माझ्याशी बोलणं अजून गेणबाच्या मार्फत चालू हाय, आणि त्याला निम्मं ऐकू येत न्हाय. काल तिनं ‘जेवायला या’ म्हणून सांगितलं, त्यानं ‘गावाला जा’ म्हणून पोचवलं.

बाकी ठीक. लहानांना आशीर्वाद, म्हशीला पेंड.

तुमचा दाजी,
श्रीपती
(माजी संस्थापक-अध्यक्ष)

ता. क. – पत्राचं खरं कारण राहिलंच. प्रगती तुमचं ऐकती. तिला सांगून त्या नव्या वेबसाईटवर माझा एक फोटू टाकायला लावा. मोठा नको. पासपोर्टचा चालंल, कोपऱ्यात चालंल, खाली ‘शुभेच्छुक’ एवढंच लिहा. हात मी जोडलेलेच हायेत.

ता. क. दुसरा – माझा फोटूचा पांढरा शर्ट आठ दिवस सापडत न्हाय. एकदाच घातला हुता. प्रगतीच्या पिशवीत चुकून गेलेला न्हाय ना, बघा. ती आज माघारी निघालीय, हे पाकीट तिच्याच हाती देतोय.

दादास कौसल्याचा नमस्कार. पोरगी शहाणी, पाकीट आधी मला दिलं. ह्यांचा फोटू टाकायची गरज न्हाय. ते वेबसाईटवर हायेतच, मधोमध, खिशासकट. बंगळूरच्या बाईला तो खिसा लई आवडला, चाळीसच्या चाळीस वाकळा तशाच पायजेत म्हणली. म्हणून त्या सत्तेचाळीस शुभेच्छुकांची यादी भिंतीला लावलीय. उद्या मोहनरावांच्या घरापासून शर्ट गोळा करायला निघतीय. पिशवी धरायला ह्यांना संगं नेणार हाय, पण ते अजून सांगितलं न्हाय. गेणबा सांगंल.