वाईनवरच्या चांगल्या पॉडकास्टची यादी

४ मे, सकाळ
कर्जतकडच्या रिसॉर्टमधून फोन. वाईन वाढायला माणूस पाहिजे, एकच. इंटरव्ह्यू २५ला. मॅनेजर मॅडम म्हणाल्या, अनुभव नसला तरी चालेल, ऑनलाइन थोडं वाचून-ऐकून या. हे जमलं नाही तर अण्णांनी खोपोलीच्या एका कारखान्यात गेटवरची नोकरी बोलून ठेवलीय. बारा तास एका जागी. मी जेवतसुद्धा फिरत फिरत.
ठरलं: रोज दोन पॉडकास्ट, एक ब्लॉग.

५ मे
ब्लॉग शेकड्याने आहेत. सगळे वाचण्यात अर्थ नाही. आधी चांगले कुठले ते शोधायचं, मग अभ्यास. यादीसाठी वही आणायला खालापूरला गेलो. दोस्त कपिलचा टेंपो पनवेलला निघाला होता. बसलो.

९ मे
पनवेलहून आलो. वही राहिली. यादी मोबाइलवरच. एका ब्लॉगवर सहा वर्षांत काही लिहिलेलं नाही. दुसरा प्रत्येक वेळी बाटली विकत घ्या म्हणून संपतो. एका पॉडकास्टवर दोघं जण चाळीस मिनिटं आपापल्या कुत्र्यांबद्दल बोलले. कुत्र्यांची नावं लक्षात राहिली.

१४ मे, दुपार
यादीत एकवीस नावं. तीन भाग केले: उत्तम, बरे, नंतर बघू. धाकटी बहीण दर्शना विचारत होती, यातलं ऐकलंस किती. म्हटलं, निवड करणं म्हणजेच अर्धा अभ्यास.
"आन् उरलेला अर्धा कोन करनार हाय रं? मी?"
अशा लोकांमुळे लक्ष विचलित होतं.

१९ मे
पोरं खांडसवरून भीमाशंकर चढायला निघाली होती. गेलो. वर रेंज नाही. डोक्याला विश्रांती लागतेच, असं यादीतल्या एखाद्या ब्लॉगवर नक्की असेल.

२३ मे
एक पॉडकास्ट पूर्ण ऐकला. बाई फार भरभर बोलते, स्पीड कमी केला. चांगल्या वाईनला ओल्या दगडाचा, चामड्याचा, पेन्सिलीच्या टोकाचा वास येतो म्हणे. फळांची नावं नवशिके घेतात. पाठ केलं. आता एवढं पुरे.

२५ मे, संध्याकाळ
दोघंच होतो. मी आणि कुंभिवलीची जागृती. ती हायवेवर आईच्या वडापावच्या गाडीवर असते. काळजी वाटली नाही.
मॅडमनी दोघांपुढे ग्लास ठेवले. गडद जांभळं. यात काय लागतंय, सांगा म्हणाल्या. मी ग्लास फिरवला, नाक आत घातलं, थोडं तोंडात घोळवलं, डोळे मिटले. ओला दगड, म्हटलं. थोडं चामडं. शेवटी पेन्सिल.
जागृतीने एक घोट घेतला.
"मॅडम, ही वाईन नाय. जांभळाचा रस हाय."
मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, नवीन माणसाला त्या कधीच वाईन देत नाहीत. जिभेवर जे आहे तेच तो सांगतो का, एवढंच बघतात. मी म्हटलं, तरी चामड्याचा वास होता. त्यांनी जागृतीला सोमवारपासून यायला सांगितलं.
आमच्या मोरीमागे जांभळाचं झाड आहे. लहानपणी त्याच्यावरून दोनदा पडलोय.
बाहेर येऊन मोबाइलच्या कॅमेऱ्यात जीभ बघितली. जांभळी होती.

१ जून, रात्री ९
गेटवर पहिला दिवस. मोबाइल ऑफिसात जमा करावा लागतो. ट्रक येतो, नंबर लिहितो, ट्रक जातो. अण्णांनी विचारलं, पाय दुखतायत का. नाही म्हटलं. दिवसभर उभा होतो, एवढंच आठवतंय.